कोण जिंकणार ते सोडा, कितीने ते सांगा

6 सप्टेंबर 2025, अनंत चतुर्दशी. मानाच्या गणपतींची मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावर आणि आम्ही चौघं बाजूच्या एका बोळात, एका मोबाइलवर डोकी घालून. ढोलांच्या दणदणाटात समालोचन ऐकू येणं शक्यच नव्हतं, पडद्यावरचा आकडा तेवढा दिसत होता. ऑकलंडच्या ईडन पार्कवर न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांची रग्बी कसोटी, म्हणजे देशादेशांतला सामना, चालली होती. तिकडची संध्याकाळ सात वाजून पाच मिनिटं म्हणजे आपली दुपार साडेबारा. मिरवणूक किती तास चालणार याची पैज पुण्यात दरवर्षी लागते, त्या दिवशी आमच्यात दोन पैजा होत्या.

न्यूझीलंड 24-17 ने जिंकलं. आमच्यातल्या एकाने आदल्या रात्रीच "न्यूझीलंड, सात" असं सांगून ठेवलं होतं. पुढचा आठवडाभर त्याच्याशी बोलायची सोय राहिली नाही. मग 13 सप्टेंबरला तेच दोन संघ वेलिंग्टनला उतरले. गृहस्थ या वेळी "न्यूझीलंड, पाच" म्हणाले. दक्षिण आफ्रिकेने 43-10 असा विजय मिळवला. न्यूझीलंडचा हा कसोटी इतिहासातला सर्वांत मोठ्या फरकाचा पराभव. सात दिवसांत, त्याच देशात, जवळपास त्याच खेळाडूंमध्ये 40 गुणांचा झोका.

आता पुन्हा आकडे लावायची वेळ आली आहे. 2026 च्या ऑगस्टमध्ये न्यूझीलंडचा संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर जातो आहे. पहिली कसोटी 22 ऑगस्टला जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर. मग केपटाऊन, मग पुन्हा जोहान्सबर्ग आणि चौथी थेट अमेरिकेत, बाल्टिमोरला, 12 सप्टेंबरला, म्हणजे गणपती बसायच्या दोन दिवस आधी. पुण्यात रग्बी पाहणारे मूठभरच: कॅम्प-वानवडीकडचे काही फौजी, ऑकलंड-केपटाऊनच्या प्रोजेक्टवर काम केलेले हिंजवडीकर आणि विश्वचषकात एकदा पाहिला म्हणून चिकटलेले आमच्यासारखे. पण अंदाज बांधण्याची हौस मूठभर नाही. क्रिकेटच्या सवयीने आपण आधी 'कोण' विचारतो. रग्बीतला जाणकार 'कितीने' विचारतो. हा दुसरा प्रश्न कुठून आला, त्याची ही हकिगत.

मुळात 'कितीने' हा प्रश्नच नव्हता. पहिला आंतरराष्ट्रीय सामना 27 मार्च 1871 रोजी एडिंबरोच्या रेबर्न प्लेसवर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला, एकेका बाजूला 20 गडी घेऊन. तेव्हा गुण नव्हते, गोल मोजत. चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला की मिळायचा तो फक्त गोलवर लाथ मारून बघण्याचा हक्क, म्हणून त्याचं नाव 'ट्राय', म्हणजे प्रयत्न. स्कॉटलंड एक गोल आणि एक ट्राय विरुद्ध एक ट्राय असं जिंकलं. अशा निकालात फरक काढायचा कसा? तेव्हाचा पैजबहाद्दर नाव सांगून मोकळा होत असणार.

त्याच सुमारास हा खेळ हिंदुस्थानातही आला होता. कलकत्त्यातल्या इंग्रजांनी 1872 च्या नाताळात सामना खेळला, पुढच्या वर्षी क्लब काढला आणि पाचेक वर्षांत तो गुंडाळला. बँकेत उरलेले चांदीचे रुपये वितळवून त्यांनी एक चषक घडवला, नागांच्या मुठींचा, झाकणावर हत्ती असलेला, आणि तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला देऊन टाकला. 1879 पासून इंग्लंड-स्कॉटलंड त्या कलकत्ता कपसाठी झुंजतात. आपल्या रुपयांतून बनलेला चषक आणि तो जिंकायचा अधिकार मात्र आपल्याला नाही, हे पुणेरी मनाला जरा लागतंच. पुण्यातल्या गोऱ्या छावणीने आपल्याला दिलं ते बॅडमिंटन. त्या खेळाचं सुरुवातीचं एक नावच 'पूना' होतं. रग्बी मुंबईत रुजली, बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीवर. अखिल भारतीय स्पर्धा 1924 पासूनची. घाट चढून ती फारशी वर आली नाही. 2025 साली सुरू झालेल्या रग्बी प्रीमियर लीगमध्येही सहा शहरा-प्रांतांची नावं आहेत, पुण्याचं नाही.

परत आकड्यांकडे. गोलांऐवजी गुण मोजायला 1880 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरुवात झाली आणि 1893 च्या सुमारास ट्रायला 3, त्यानंतर गोलवर मारायच्या लाथेला, म्हणजे कन्व्हर्जनला, 2 असा भाव ठरला. भाव हा शब्द मुद्दाम वापरला. रग्बीत प्रत्येक कृतीला बाजारासारखा भाव आहे आणि तो वेळोवेळी बदलला आहे. ड्रॉप गोल, म्हणजे चालू खेळात चेंडू टाकून उसळताच गोलवर मारलेली लाथ, 1948 पर्यंत 4 गुणांचा होता, मग 3 झाला. ट्राय 1971 मध्ये 4 वर गेला, 1992 मध्ये 5 वर. पेनल्टी, म्हणजे समोरच्याच्या चुकीबद्दल मिळालेली गोलवरची लाथ, मात्र या सगळ्या काळात 3 वरच राहिली.

या भावांनी काय घडवलं ते 18 जुलै 1959 ला ड्युनेडिनमध्ये दिसलं. ब्रिटिश लायन्सने, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघाने, न्यूझीलंडविरुद्ध चार ट्राय केले, एक कन्व्हर्जन, एक पेनल्टी: 12 अधिक 2 अधिक 3, एकूण 17. न्यूझीलंडने एकही ट्राय केला नाही. त्यांच्या डॉन क्लार्कने सहा पेनल्टी मारल्या आणि सामना 18-17 असा नेला. आजच्या भावाने मांडा: लायन्स 25, न्यूझीलंड 18. त्या दिवशी लायन्सवर पैज लावलेला माणूस खेळ ओळखण्यात चुकला नव्हता, तो साल चुकला होता. दहा वर्षं आधी केपटाऊनलाही असंच झालं होतं. दक्षिण आफ्रिकेच्या ओकी गेफिनने पाच पेनल्टी मारून न्यूझीलंडला 15-11 असं हरवलं. ट्राय महाग करत नेण्यामागे असे निकाल होते. लोक लाथा बघायला येत नाहीत, चेंडू घेऊन धावणं बघायला येतात, हे खेळ चालवणाऱ्यांना पटायला बराच वेळ लागला.

ट्राय 5 चा झाल्यावर अंदाजाचं आजचं गणित तयार झालं. ट्राय आणि कन्व्हर्जन मिळून 7. म्हणून 7 गुणांनी मागे असलेला संघ एका हल्ल्यात बरोबरी करू शकतो, 8 ने मागे असलेल्याला दोनदा यावं लागतं. कागदावर फरक एकाचा, मैदानावर जमीन-अस्मानाचा. अनेक स्पर्धांत 7 किंवा त्याहून कमी गुणांनी हरलेल्या संघाला एक बोनस गुण मिळतो. त्यामुळे हरणारा कप्तानही शेवटच्या मिनिटाला फरकाकडे डोळे लावून असतो. परदेशातल्या बेटिंगवाल्यांकडे रग्बीसाठी ठरलेले दोन कप्पे आहेत: '1 ते 12' आणि '13 च्या वर'. कोण जिंकणार यावर पैसे लावायला कुणी फारसं उत्सुक नसतं, कारण बलाढ्य संघावरचा भाव नगण्य असतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ऑफिसाऑफिसांतून आठवड्याच्या टिपिंगच्या, म्हणजे निकाल ओळखण्याच्या, स्पर्धा चालतात, त्यांतही बरोबरी सोडवायला फरकाचा आकडाच विचारतात.

घोड्यांची शर्यत बघितलेल्या पुणेकराला यात नवल वाटायचं कारण नाही. पावसाळ्यात रेसकोर्सवर फेव्हरेट कोणता हे पोरालाही कळतं. कमाई असते ती बाकीच्या हिशेबात. मात्र रग्बीवर पैसे लावायची आपल्याकडे सोय नाही आणि नसलेलीच बरी. 1887 चा जुगारबंदी कायदा महाराष्ट्रात आजही उभा आहे, आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली. आमची पैज मिसळीवर असते. जास्तीचा पाव हरणाऱ्याकडून.

अंदाजाला आधार म्हणून बहुतेक जण जागतिक क्रमवारी उघडतात. ती 2003 च्या विश्वचषकाच्या तोंडावर आली आणि तिची रीत साधी पण चलाख आहे. प्रत्येक संघाचे 0 ते 100 मध्ये गुण. सामना झाला की जिंकणारा हरणाऱ्याकडून गुण ओढून घेतो, बाहेरून काही येत नाही. हिशेबापुरते यजमानाच्या गुणांत 3 मिळवतात, कारण घरच्या मैदानाचा फायदा गृहीतच धरलेला आहे. हे 3 मिळवूनही अंतर 10 च्या वर असेल तर बलाढ्य संघाला जिंकून काहीच मिळत नाही. सामना 15 पेक्षा जास्त गुणांनी जिंकलात तर देवाणघेवाण दीडपट. म्हणजे क्रमवारीलाही 'कितीने' कळतं, पण एवढंच: पंधराच्या आत की बाहेर. 16 ने जिंकलं काय नि 60 ने काय, तिला सारखंच.

घरच्या मैदानाला सरसकट 3 गुण, हे मला कधी पटलेलं नाही. ईडन पार्कवर न्यूझीलंड 1994 नंतर हरलेलं नाही. एलिस पार्क समुद्रसपाटीपासून सुमारे 1,750 मीटरवर आहे. पुणं साधारण 560 मीटरवर. सिंहगड एका दमात चढणाऱ्याचीही तिथे ऐंशी मिनिटं धावताना काय गत होईल ते बघा. विरळ हवेत लाथेचा चेंडू लांब जातो, पेनल्टी दुरून घेता येते आणि शेवटच्या वीस मिनिटांत पाहुण्यांचे पाय जड होतात. 1995 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना याच मैदानावर झाला. दक्षिण आफ्रिकेने जादा वेळेत जोएल स्ट्रान्स्कीच्या ड्रॉप गोलवर न्यूझीलंडला 15-12 ने हरवलं. 31 ऑगस्ट 2024 ला तिथेच दक्षिण आफ्रिका 31-27 अशी सरस ठरली. अशा मैदानांना 3 गुणांच्या एकाच मापात कसं बसवायचं?

शिवाय या जोडीचा स्वभाव. 1921 साली त्यांची पहिली मालिका झाली. एक-एक सामना जिंकल्यावर निर्णायक सामना वेलिंग्टनला 0-0 असा सुटला. पुढे वर्णभेदामुळे या लढतीला रग्बीपलीकडचं वजन आलं. 1960 च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात न्यूझीलंडने आपले माओरी, म्हणजे मूळनिवासी, खेळाडू घरी ठेवले. 1976 च्या दौऱ्याच्या निषेधात आफ्रिकी देशांनी मॉन्ट्रियल ऑलिंपिकवर बहिष्कार घातला. 1981 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडला आला तेव्हा निदर्शक हॅमिल्टनच्या मैदानात घुसले आणि सामना रद्द झाला. त्याच दौऱ्यात ईडन पार्कवर एक छोटं विमान खेळाडूंवर पिठाच्या पुड्या टाकत घिरट्या घालत राहिलं, खाली सामना चालूच, न्यूझीलंड 25-22. त्या दिवशी आकडा बरोबर सांगितलेला कुणी असेलच, तर त्याला तो मिरवावासा वाटला असेल का कोण जाणे.

16 सप्टेंबर 2017: न्यूझीलंड 57, दक्षिण आफ्रिका 0. तीन आठवड्यांनी केपटाऊनला: न्यूझीलंड 25, दक्षिण आफ्रिका 24. पहिल्या निकालावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणाऱ्यांनी त्या दिवशी किती मिसळी दिल्या असतील! 2023 मध्ये विश्वचषकापूर्वी लंडनला दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला 35-7 असं लोळवलं. दोन महिन्यांनी, 28 ऑक्टोबरला, पॅरिसच्या अंतिम सामन्यात निकाल 12-11. दक्षिण आफ्रिकेचे सगळे गुण हान्द्रे पोलार्डच्या चार पेनल्टींचे, सामन्यातला एकमेव ट्राय हरणाऱ्या न्यूझीलंडचा, तोही कप्तान लाल कार्ड घेऊन बाहेर बसलेला असताना. 1959 च्या ड्युनेडिनचा उलटा पडसाद. त्याआधी उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सला 29-28, उपांत्य फेरीत इंग्लंडला 16-15. तिन्ही वेळा बरोबर एका गुणाने. "दक्षिण आफ्रिका, एक" असं तीनदा लिहिणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

त्या अंतिम सामन्यानंतर चारच दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, हेच दोन देश आपल्या गहुंजेच्या मैदानावर क्रिकेटच्या विश्वचषकात भिडले. चुरशीचा होणार म्हणून लोक द्रुतगती मार्गाच्या वाहतुकीतून रखडत गेले. दक्षिण आफ्रिका 190 धावांनी जिंकली. गहुंजेने तशीही भाकितं बुडवण्याची परंपरा राखली आहे. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाने तिथे भारताला 333 धावांनी हरवलं, 2024 मध्ये न्यूझीलंडने 113 धावांनी. दोन्हींच्या आदल्या दिवशी पुण्यातल्या कट्ट्यांवर काय बोललं जात होतं, ते आठवून बघा.

तर 22 ऑगस्ट. संघ जाहीर होईपर्यंत आकडा सांगायचा नाही, हा आमच्यातल्या निवृत्त सुभेदारांचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. आठ राखीव खेळाडूंत पुढच्या फळीचे, म्हणजे रेटारेटी करणारे, किती, हे पाहिल्याशिवाय शेवटची वीस मिनिटं कळत नाहीत. दक्षिण आफ्रिकेने 2023 च्या त्या अंतिम सामन्यात सात पुढचे आणि एकच मागचा घेतला होता. ताज्या दमाची आख्खी फळी उत्तरार्धात उतरवायची, असा तो डाव. उंचीवरच्या मैदानावर तो मोह त्यांना पुन्हा झाला, तर मी आकडा वाढवीन. सध्या मी "दक्षिण आफ्रिका, आठ" धरून आहे, सुभेदार एकोणीस म्हणतात. विसर्जनाच्या सामन्याला सात सांगणारे गृहस्थ अजून बोललेले नाहीत. आदल्या रात्री बोलतील.