उसना स्पंज

नवा टँक घरी आला की त्याच संध्याकाळी मासे सोडायची घाई होते. पाणी नितळ दिसतं, पण आठवडाभरात मासे वर येऊन तोंड वासू लागतात आणि बोलणी दुकानदार खातो. नव्या टँकमध्ये सफाई करणारे सूक्ष्मजीवच नसतात, हे कोणी सांगितलेलं नसतं.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. रुळलेल्या टँकमध्ये काही सूक्ष्मजीव त्याचं नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच. त्यामुळे रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी होतं आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. नायट्रेटचा त्रास त्या मानाने कमी. ते पाणी बदलताना निघून जातं. या दुसऱ्या टप्प्याचं श्रेय वर्षानुवर्षं नायट्रोबॅक्टर नावाच्या जिवाणूला मिळत होतं. १९९८ मध्ये होव्हानेक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याचे टँक तपासले, तेव्हा तिथे राबताना दिसला तो नायट्रोस्पायरा हा दुसराच जिवाणू. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा सापडले, त्यांतले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच.

ही मंडळी पाण्यात फारशी नसतात. फिल्टरमधला स्पंज, सिरॅमिक रिंगा, तळाची रेती यांवर बुळबुळीत थर करून राहतात. म्हणून जुन्या टँकचं पाणी बादलीभर आणून ओतण्यात अर्थ नाही. आणायचा तो मळका स्पंज.

इथेच विरजणाचा दाखला दिला जातो आणि तो फसवा आहे. दह्याचे जिवाणू उबदार दुधात तासाभरात दुप्पट होतात, त्यामुळे चमचाभर पुरतं. अमोनियावर जगणाऱ्यांना दुप्पट व्हायला अनुकूल परिस्थितीतही अर्धा ते एक-दीड दिवस लागतो. कोऱ्या टँकची सायकल, म्हणजे हे सूक्ष्मजीव पुरेसे वाढून टँक रुळणं, पुरी व्हायला चार ते सहा आठवडे जातात ते यामुळेच. चार रिंगा आणून टाकल्या तर चार रिंगांपुरतंच काम होणार. मोठा स्पंज आणलात तर तो जेवढ्या माशांचा अमोनिया आधी पचवत होता, साधारण तेवढेच मासे त्याच दिवशी सोडता येतात. देणाऱ्याचा टँक मात्र ओरबाडू नये. तिथलंही एक तृतीयांशापेक्षा जास्त मीडिया (स्पंज, रिंगा वगैरे) काढू नये. आणि टँक निरोगी हवा, कारण स्पंजाबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही येतो.

म्हापशाहून मडगावला स्पंज न्यायचा तर त्याच टँकच्या थोड्या पाण्यात, पिशवीत भरपूर हवा ठेवून न्यावा. चांगल्या स्पंजाला ओल्या मातीचा वास येतो. कुजक्या अंड्याचा आला तर आत हवा पोचलेली नाही. पावसाळ्यात वीज गेली की कॅनिस्टर फिल्टरचं (टँकबाहेरच्या बंद डब्यातला फिल्टर) काही तासांत हेच होतं. बॅटरीवरचा एअर पंप घरात असावा, असं माझं ठाम मत आहे. स्पंज नळाखाली तर कधीच धुऊ नये. पणजी-फोंड्याला येणारं ओपाचं पाणी पिण्यासाठी क्लोरीन घालून येतं आणि क्लोरीनने हे सूक्ष्मजीव मरतात. ते अँटिक्लोरीन घातल्याशिवाय टँकमध्ये जाता कामा नये.

विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण चिऱ्याच्या जमिनीतलं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी. त्यात भर म्हणजे हे जिवाणू स्वतःच आम्ल तयार करतात आणि पाण्यातले कार्बोनेट संपवतात. पीएच ६ च्या खाली गेला की त्यांचं काम जवळपास थांबतं. उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे: तिसऱ्यांच्या शिंपल्या. उकळून, घासून मूठभर फिल्टरमध्ये ठेवल्या की हळूहळू विरघळून पाणी सावरतात. एक मात्र आहे. पीएच वाढला की एरवी बराचसा निरुपद्रवी अमोनियम रूपात असलेला अमोनिया विषारी रूपात येतो: २५ अंशांना पीएच ७ वर अर्ध्या टक्क्याच्या आसपास, ८ वर पाच टक्क्यांहून जास्त. म्हणून शिंपल्या मासे सोडण्याआधीच टाकाव्यात.

मग पहिला आठवडा रोज टेस्ट किट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. नसले तर एक तृतीयांश पाणी बदलायचं आणि त्या दिवशी माशांना उपास.