पळवणं आणि पळू देणं

पिल्लांच्या जाहिरातींत ‘डबल बोन’ हा शब्द इतका रुळलाय, की लॅब्रॅडॉर बघायला गेलेली माणसं आधी पिल्लाचा पुढचा पाय हातात घेऊन त्याची जाडी चाचपतात. डबल बोन नावाचं काही नसतं. सगळ्या कुत्र्यांच्या पायात हाडं तेवढीच असतात. पिल्लाच्या मनगटाजवळ जो गोल फुगवटा लागतो तिथे हाड वाढत असतं, आणि लोक ज्याला ताकद समजतात ती जागा त्या पायातली सगळ्यांत कच्ची जागा असते.

हे लिहायला बसलो त्याला कारण आमच्या रस्त्यावरचं रोजचं दृश्य. ग्रेट डेनचं पाचेक महिन्यांचं पिल्लू सकाळी स्कूटरच्या बाजूने पट्ट्याला बांधून पळवलं जातं. मालकाचा त्याच्यावर जीव आहे, हे दिसतं. पिल्लू मोठ्या जातीचं आहे, म्हणजे त्याला व्यायामही मोठा हवा, असा त्यांचा हिशेब. हिशेब नेमका उलटा आहे.

माणसाचं बाळ तीन किलोचं जन्मतं आणि साठ किलोचं व्हायला अठरा वर्षं घेतं, म्हणजे वीसपट. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतं अर्ध्या किलोच्या आसपास आणि दीड वर्षात पन्नास किलोच्या पुढे जातं. शंभरपट! एवढं वजन ज्या हाडांवर येतं, ती अजून पुरती हाडं झालेलीच नसतात.

लांब हाड मधून ताणलं जाऊन वाढत नाही. त्याच्या टोकाजवळ कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक अशा ऊतीची, एक पातळ चकती असते. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात, आपण वाढपट्टी म्हणू. तिच्यात पेशी नाण्यांच्या चळतींसारख्या रचलेल्या असतात. सांध्याच्या बाजूला राखीव पेशी स्वस्थ असतात. त्यांच्याखाली विभाजनाची लगबग चालू असते, आणि नवी पेशी चळतीतच बसते. त्याच्याही खालच्या थरात पेशी फुगतात, मूळ आकाराच्या कितीतरी पट. पाय लांब होतो तो बराचसा या फुगण्यामुळे. मग भोवतीच्या द्रव्यात कॅल्शियमचे क्षार जमतात, बऱ्याच पेशी मरतात, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि त्या सांगाड्यावर खऱ्या हाडाचा थर चढतो. फुगलेल्या पेशींच्या थरात पेशी मोठ्या आणि त्यांना धरून ठेवणारं द्रव्य थोडं, म्हणून पट्टी तुटते ती बहुधा तिथेच. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला हिसका बसला तर अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, ताणला जातो. पिल्लात अस्थिबंध पट्टीपेक्षा मजबूत असतो, त्यामुळे त्याच हिसक्याने वाढपट्टी तुटते.

आता मला सगळ्यांत विलक्षण वाटणारी गोष्ट. कुत्र्याच्या पुढच्या पायात कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं शेजारी शेजारी असतात, रेडियस आणि अल्ना. दोघांनी एकाच गतीने वाढायला हवं. रेडियसला दोन्ही टोकांकडून बऱ्यापैकी लांबी मिळते. अल्नाची मात्र सुमारे ८५ टक्के लांबी मनगटाकडच्या एकाच पट्टीतून येते. आणि ही पट्टी इतर बहुतेक पट्ट्यांसारखी साधारण सपाट नसते, शंकूसारखी असते. जेवणावळीतले द्रोण एकात एक बसवतात, तसं हाडाचं टोक त्या खोलगट पट्टीत बसलेलं असतं. सपाट पट्टीवर बाजूने जोर आला तर तिच्यावरचं टोक सरकतं. द्रोणातला द्रोण बाजूला ढकलून पाहा, तो सरकत नाही, समोरच्या भिंतीवर दाबला जातो. अल्नात तेच होतं. बाजूचा धक्का दाब होऊन पट्टीवर पडतो आणि पेशींच्या चळती चिरडतात.

टोरंटोच्या सॉल्टर आणि हॅरिस या डॉक्टरांनी १९६३ मध्ये मुलांच्या वाढपट्टीच्या इजांचे पाच प्रकार मांडले. पशुवैद्यही तीच वर्गवारी वापरतात. चिरडण्याचा प्रकार त्यातला पाचवा, आणि फसवा. इजेच्या दिवशी एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही. पिल्लू दोन दिवस लंगडतं, मग चालायला लागतं, घरचे विसरून जातात. काही आठवड्यांनी पाय वाकडा दिसू लागतो. अल्ना वाढायची थांबलेली असते, रेडियस वाढतच असतं. आखूड अल्ना धनुष्याच्या दोरीसारखी ताणून धरते, रेडियस धनुष्यासारखं वाकतं आणि पंजा बाहेर वळतो. कोपराचा सांधाही बिघडू शकतो. नुसत्या चालण्याने असं होत नाही. उंचावरून मारलेली उडी, जिन्यावरून पडणं, गाडीची धडक ही नेहमीची कारणं. पण स्कूटरशी बांधलेलं पिल्लू घसरलं तर त्याला थांबण्याचीही सोय नसते.

म्हणून त्याला घरात बसवून ठेवायचं का? मुळीच नाही. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. ती दबते आणि सुटते, तेव्हाच सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. नॉर्वेत न्यूफाउंडलंड, लॅब्रॅडॉर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार जातींच्या सुमारे ५०० कुत्र्यांवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांच्या आत जी पिल्लं जिने चढत-उतरत होती, त्यांच्यात हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा सैल आणि उथळ राहण्याचा दोष, जास्त आढळला. त्याच वयात मऊ, उंचसखल जमिनीवर पट्ट्याशिवाय बागडलेल्या पिल्लांत तो कमी होता. या दोषात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण जमिनीचाही आहे.

‘महिन्याला पाच मिनिटं’, म्हणजे चार महिन्यांच्या पिल्लाला वीस मिनिटं फिरवा, हा नियम सगळीकडे सांगितला जातो. त्याला पक्का शास्त्रीय आधार नाही. पट्ट्याने फिरवण्याची ढोबळ मर्यादा म्हणून तो वाईटही नाही. मात्र मैदानात पिल्लू पळतं, आडवं पडतं, माती हुंगतं, पुन्हा पळतं, तिथे घड्याळ लावून काय करणार? दमल्यावर थांबायचं हे त्याला कळतं. डांबरी रस्त्यावर एकाच चालीने ओढत नेलं की तो निर्णय त्याच्या हातून जातो. सोसायटीच्या फ्लॅटमधली गुळगुळीत लादी मला रस्त्याइतकीच धोक्याची वाटते. चेंडूमागे धावताना मागचे पाय फाकतात. तिथे रबरी चटई किंवा जुनी सतरंजी अंथरा आणि चेंडू बाहेर खेळा. जिन्यावर आणि गाडीतून उतरताना त्याला उचलून घ्या, जमेल तोवर.

कॅल्शियमबद्दल थोडं रागानेच लिहितो. जर्मन शेफर्डचे कान उभे राहावेत, ‘बोन’ भरावं म्हणून पिल्लांना बाटल्याच्या बाटल्या सिरप पाजलं जातं. कान कूर्चेचा असतो, कॅल्शियमने तो उभा राहत नाही. सहा महिन्यांखालच्या पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नीट नाकारता येत नाही. नेदरलंड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांना जास्त कॅल्शियम घालून पाहिलं, तेव्हा त्यांच्या वाढपट्ट्यांत कूर्चेचं हाड होण्याची क्रियाच बिघडली. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं चांगलं तयार खाणं देत असाल, तर वरून काही घालू नका. आणि पिल्लू गुटगुटीत नको. बरगड्या हाताला सहज लागायला हव्यात.

लहान जातींत या पट्ट्या सहा-आठ महिन्यांत मिटू लागतात, ग्रेट डेनसारख्यांत दीड वर्षापर्यंतही जातं. एक्स-रेमध्ये पट्टी हाडाच्या टोकाजवळ काळ्या रेघेसारखी दिसते. अल्नाची रेघ खाली टोक असलेल्या खोलगट द्रोणासारखी. कुत्र्याला सायकलबरोबर पळवायची हौस असेल तर आधी पशुवैद्याकडून मनगटाचा एक एक्स-रे काढून घ्या. ती रेघ दिसत असेल तर सायकल अजून काही महिने भिंतीला टेकूनच असू द्या.