विनोदी मालिकांतील अभिनेत्री (गोवा)

एकच घर, ठरलेली चार-सहा माणसे आणि दर भागात नव्याने उडणारा घोळ, एवढ्या भांडवलावर चालणाऱ्या मालिकेला सिटकॉम म्हणतात. अर्ध्या तासातून जाहिराती वजा जाता सुमारे २२ मिनिटे उरतात. दूरदर्शनवर १९८४ मध्ये आलेल्या 'ये जो है जिंदगी'तल्या स्वरूप संपत आणि १९८८ च्या 'वागळे की दुनिया'तली भारती आचरेकर यांची राधिका यांनी अशा नायिकेचा साचा घालून दिला. नवऱ्याने घोळ घालायचा, बायकोने निस्तरायचा.

गोव्यातून या कामाकडे जाणारी वाट देवळाच्या मंडपातून निघते. उत्सवी नाटकांत पूर्वी स्त्रीभूमिका पुरुषच करीत. पुढे पुरुषपात्रे गावातली आणि नट्या मात्र 'नाईट' (एका प्रयोगाचे मानधन) ठरवून बाहेरून आणलेल्या, अशी रीत पडली. त्यांना तालीम मिळते एखाद-दुसरी; बाकी भिस्त विंगेतून वाक्ये पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरवर. समोरच्या नटाने भलतेच वाक्य घेतले तर त्यालाच उत्तर शोधून नाटक रुळावर आणायचे, हे शिक्षण तिथे फुकट मिळते. त्याहून मोठे शिक्षण हशाचे. वाक्य टाकायचे, मंडप हसू लागला की थांबायचे आणि हशा पुरता विरायच्या आत पुढचे वाक्य उचलायचे.

सेटवर हे सगळे उलटे होते. युनिटमधल्या कोणी हसायचे नसते. हशा नंतर संकलनात चिकटवला जातो. प्रसंग उरकला की नटीच्या एकटीच्या 'रिअ‍ॅक्शन' घेतात : डावीकडे बघ, दचक, आता सावकाश हस. समोर सहकलाकार नसतो, कधी कधी नुसता लाईटचा स्टँड असतो. मंडपातल्या कसलेल्या नटीची सगळ्यात जास्त फजिती इथेच होते.

दुसरी अडचण बोलीची. कोकणी वळणाचा हेल मुंबईच्या ऑडिशनमध्ये एक तर घासून काढायला सांगतात, नाही तर नेमका तोच हवा असतो, पण तेव्हा भूमिका मासळीवालीची किंवा मोलकरणीची निघते. गोव्याच्या कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत नायिका रंगवलेल्या बाईला हे झोंबते, आणि ते योग्यच आहे.

गोव्यातल्या बांदोड्याच्या ज्योत्स्ना भोळे १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात उभ्या राहिल्या, गोव्याच्याच आशालता वाबगावकर १९६४ मध्ये 'मत्स्यगंधा' नाटकातून पुढे आल्या. म्हणजे वाट जुनीच. दूरचित्रवाणी हा तिचा अलीकडचा फाटा. गोव्याच्याच वर्षा उसगांवकर यांनी रंगभूमीवर आणि चित्रपटांत विनोद भरपूर केला, पण छोट्या पडद्यावर त्या लोकांच्या लक्षात राहिल्या 'महाभारत'मधली उत्तरा आणि 'चंद्रकांता'तली रूपमती म्हणून.

मालिकेत मेहनताना 'पर डे' ठरतो आणि हाती पडतो साधारण ९० दिवसांनी. 'ट्रॅक', म्हणजे त्या पात्राचे कथानक, संपला की चित्रीकरणाचा कॉल थांबतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद पडल्यावर काही मराठी मालिकांची युनिट गोव्यात उतरली; मे महिन्याच्या सुरुवातीला इथल्याही परवानग्या रद्द झाल्या. काम घराजवळ आले होते, तेही काही आठवडेच.

मालिका बंद झाल्यावर बऱ्याच जणी उत्सवाच्या मोसमात पुन्हा मंडपात दिसतात. नाईट वाढलेली असते. फलकावर मालिकेतल्या पात्राचे नाव ठळक, खाली बारीक अक्षरात तिचे स्वतःचे.