पायाच्या जखमेला एमसीआर चप्पल की प्लास्टर? दोन्ही एक नाहीत

अण्णांच्या उजव्या चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाएवढी जखम झाली तेव्हा ओळखीतल्या चार जणांनी एकच सांगितलं, शुगरवाल्यांची एमसीआर चप्पल घ्या, भरून येईल. घेतली. शुगर आटोक्यात, ड्रेसिंग वेळच्या वेळी, तरी दीड महिना जखम होती तशीच आणि कडेला पांढरा घट्टा धरत राहिला. मग फिजिओथेरपिस्टने विचारलं, घरात काय घालतात? काहीच नाही, चप्पल दाराबाहेर असते की.

तर आधी चप्पल. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, बोटाने दाबलं की दबतं, सोडलं की परत वर येतं. खाली टणक सोल, मागे पट्टा. चवड्यावरचा दाब थोडा पसरतो, त्यामुळे नवी जखम व्हायची भीती कमी होते. पण झालेली जखम भरायला एवढं पुरत नाही, कारण दाब कमी होतो, जात नाही, आणि चप्पल काढली की तोही फायदा गेला.

प्लास्टरचं तसं नाही. त्याला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात, गुडघ्याच्या खालपर्यंत असतं, आणि फ्रॅक्चरच्या प्लास्टरसारखा आत जाड कापूस भरत नाहीत, पायाला अगदी घट्ट बसतं असं घडवतात, म्हणजे वजन पूर्ण तळव्यावर पसरतं आणि काही भार पोटरी-नडगीभोवतीची भिंत उचलते. पाऊलही आपोआप लहान पडतं. वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांच्या जखमांसाठी हे खूप वापरलं, आणि रोग वेगळा असला तरी शुगरवाल्यांचा पायही तसाच, दुखणं न कळणारा.

आणि मुख्य म्हणजे ते काढता येत नाही! माझ्या मते निम्मा गुण त्यातच आहे. २००१ साली अमेरिकेत ६३ जणांवर अभ्यास झाला, त्यात १२ आठवड्यांत प्लास्टरवाल्यांपैकी जवळपास ९० टक्के बरे झाले, प्लास्टरसारखाच पण काढता येणारा उंच बूट घालणाऱ्यांपैकी ६५ टक्के. नंतरच्या एका अभ्यासात बूट दिलेल्या लोकांच्या रोजच्या हालचालीपैकी फक्त २८ टक्के हालचाल बूट घालून झाली होती. दोष कुणाला देणार, पाय दुखतच नाही तर रात्री मोरीत जाताना बूट कोण चढवेल?

पण प्लास्टर प्रत्येकाला चालत नाही हो. जखमेत पू असेल, पाय लाल-गरम असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर आधी ते बघावं लागतं, नाहीतर आतल्या आत चिघळेल आणि कळणारही नाही. म्हणून पायाची नाडी तपासल्याशिवाय कुणी प्लास्टर घालत असेल तर थांबवा. सूज उतरली की ते सैल होतं, म्हणून पहिलं काही दिवसांतच बदलतात, मग साधारण आठवड्याने. मधेच ताप आला, वास आला, ओलं झालं तर वाट न बघता काढून घ्यायचं. तोल जातो, त्यामुळे वॉकर लागतो, आणि दुसऱ्या पायातल्या चप्पलेची उंचीही जुळवून घ्यायला सांगा, नाहीतर कंबर धरते.

अण्णांना चार प्लास्टरं लागली. जखम भरली, पण वरची कातडी अजून कोवळी, आणि चप्पलेचं काम इथून सुरू झालं. आता दोन जोड आहेत, एक घरातला, देवघरातही तोच, आणि घालायच्या आधी आई आत हात फिरवून खडा-खिळा बघते.