आम्लकारी व अल्ककारी अन्न

पचन आणि चयापचय पूर्ण झाल्यावर शरीरातील आम्लात भर घालणाऱ्या अन्नपदार्थांना आम्लकारी, तर अल्कात भर घालणाऱ्यांना अल्ककारी म्हणतात. ही विभागणी पदार्थाच्या चवीवरून किंवा त्याच्या स्वतःच्या सामूवरून (पीएच मूल्यावरून) ठरत नाही. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास असतो, तरी लिंबू अल्ककारी गटात मोडते. अंड्यातला पिवळा बलक जिभेला जराही आंबट लागत नाही, पण तो चांगलाच आम्लकारी आहे. ‘आम्लधर्मी’ हा शब्द पदार्थाच्या मूळ गुणाला लागू पडतो आणि ‘आम्लकारी’ हा परिणामाला. बोलताना दोन्ही एकाच अर्थाने वापरले जातात आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

फळांतील सिट्रिक, मॅलिक यांसारखी कार्बनी आम्ले पेशींमध्ये जळून कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी होतात, आणि कार्बन डाय-ऑक्साइड श्वासावाटे निघून जातो. याच आम्लांचा काही भाग पोटॅशियमच्या लवणांच्या रूपात असतो. तो जळाला की मागे बायकार्बोनेट, म्हणजे अल्क, उरते. प्रथिनांतील मिथिओनीन व सिस्टीन या ॲमिनो आम्लांत गंधक असतो. त्यापासून सल्फ्यूरिक आम्ल तयार होते, आणि ते श्वासावाटे टाकता येत नाही. मांस, मासे, अंडी, चीज आणि बहुतेक तृणधान्ये म्हणूनच आम्लकारी ठरतात, तर बहुतेक फळे, भाज्या व कंदमुळे अल्ककारी. दूध जवळजवळ उदासीन आहे, तेल-तूपही तसेच.

कल्पनेचा उगम कोणाकडे द्यावा याविषयी एकमत नाही. अनेक लेखक तो फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक क्लोद बेर्नार (१८१३–७८) यांच्या सशांवरील निरीक्षणाला देतात. हे निरीक्षण बहुधा १८४० ते १८५० या दशकातले आहे. त्याचे सविस्तर वर्णन बेर्नार यांनी १८६५ च्या ग्रंथात केले. बाजारातून आणलेले ससे प्रयोगशाळेतील टेबलावर ठेवले असता त्यांनी तिथेच मूत्रविसर्जन केले. ते मूत्र स्वच्छ व आम्लधर्मी होते. गवत खाणाऱ्या सशाचे मूत्र एरवी गढूळ व अल्कधर्मी असते, मांसाहारी प्राण्याचे स्वच्छ व आम्लधर्मी. बेर्नार यांनी तर्क केला, की हे ससे उपाशी असावेत आणि स्वतःच्याच मांसावर जगत असल्याने तात्पुरते मांसाहारी झाले असावेत. त्यांनी सशांना गवत दिले; काही तासांत मूत्र गढूळ झाले. पुन्हा उपाशी ठेवले. ते स्वच्छ झाले. शेवटी त्यांना उकडलेले मांस खाऊ घातले, आणि मूत्र स्वच्छ व आम्लधर्मीच राहिले.

दुसऱ्या मतानुसार खरा आरंभ १९१२ मध्ये अमेरिकेत हेन्री सी. शर्मन व ए. ओ. गेटलर यांनी अन्नातील आम्लकारी व अल्ककारी मूलद्रव्यांचा ताळेबंद प्रसिद्ध केला तेव्हा झाला. बेर्नार यांनी आहार व मूत्र यांचा संबंध दाखवला, पण पदार्थांची क्रमवारी लावली नाही. त्यामुळे हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

या कामामागे राखेची पद्धत आहे. लिंबाची फोड मुशीत घालून जाळली तर ती आधी काळी पडते आणि बराच वेळ तापवल्यावर करड्या-पांढऱ्या राखेची चिमूट उरते. त्या राखेवर पाण्याचे थेंब टाकून तांबडा लिटमस कागद टेकवला की तो निळा होतो. आंबट फळाची राख अल्कधर्मी निघते ती अशी. मात्र उघड्यावर जाळताना गंधक व क्लोरीन यांचा काही भाग उडून जातो. म्हणून गंधक, फॉस्फरस व क्लोरीन एका बाजूला आणि सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम दुसऱ्या बाजूला धरून हिशेब मांडणे अधिक विश्वसनीय ठरले. तरीही राख सर्व काही सांगत नाही. क्रॅनबेरी व आलुबुखार यांची राख अल्कधर्मी असूनही ती खाल्ल्यावर मूत्र अधिक आम्लधर्मी होते, कारण त्यांतील काही कार्बनी आम्ले शरीरात जळत नाहीत. त्यांचे हिप्प्यूरिक आम्ल होऊन ते मूत्रावाटे जाते.

सध्याची मोजणी जर्मनीतील डोर्टमुंड येथील थॉमस रेमर व फ्रीडरिख मान्झ यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘मूत्रपिंडावरील संभाव्य आम्लभार’ या संकल्पनेवर आधारलेली आहे. १०० ग्रॅम पदार्थातील प्रथिने (ग्रॅम) × ०.४९ आणि फॉस्फरस (मिलिग्रॅम) × ०.०३७ यांच्या बेरजेतून पोटॅशियम × ०.०२१, मॅग्नेशियम × ०.०२६ व कॅल्शियम × ०.०१३ (सर्व मिलिग्रॅममध्ये) वजा केले की आम्लभार मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (आम्ल-अल्काचे प्रमाण मोजण्याच्या एककात) मिळतो; उत्तर अधिक आले तर पदार्थ आम्लकारी, उणे आले तर अल्ककारी. आतड्यातून प्रत्यक्षात किती शोषण होते हे या गुणकांत धरलेले आहे: प्रथिने ७५ टक्के, पोटॅशियम ८०, पण कॅल्शियम २५ टक्केच. जुन्या राखेच्या हिशेबापेक्षा ही मोठी सुधारणा होय. या कोष्टकात पार्मेसान चीज +३४.२, अंड्याचा बलक +२३.४, पालक −१४.० आणि मनुका −२१.० अशी मूल्ये येतात.

आता मुख्य प्रश्न: अन्नाने रक्ताचा सामू बदलतो का? निरोगी माणसात नाही. तो ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. पेशी दिवसाला सुमारे १५,००० मिलिमोल कार्बन डाय-ऑक्साइड तयार करतात आणि फुप्फुसे तो बाहेर टाकतात. त्यापुढे मिश्र आहारातून येणारा ५० ते १०० मिलिइक्विव्हॅलंट आम्लभार फार लहान आहे. रक्तातील बायकार्बोनेट तो तात्पुरता झेलते आणि मूत्रपिंडे अमोनियम व फॉस्फेट यांच्या रूपाने बाहेर काढतात. मूत्राचा सामू मात्र ४.५ ते ८ यांदरम्यान वरखाली होतो. घरच्या घरी मूत्राचा सामू तपासण्याच्या पट्टीवर दिसणारा बदल हा मूत्रपिंडे काम करत असल्याचा पुरावा आहे. त्यावरून शरीर ‘आम्लधर्मी झाले’ असे म्हणता येत नाही. अल्कधर्मी पाण्याचीही तीच गत: जठरातील रसाचा सामू १.५ ते ३.५ असतो, तिथेच त्याचे उदासीनीकरण होते.

अमेरिकन डॉक्टर विल्यम हॉवर्ड हे (Hay; १८६६–१९४०) यांच्या आहारपद्धतीमुळे शरीरात साचणारे आम्ल हेच रोगांचे मूळ, हा समज पसरला. हाडांसंबंधीचा दावा अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो. आम्लभार निवारण्यासाठी हाडांतील कॅल्शियम खर्ची पडते, असे वॉकमन व बर्नस्टाइन यांनी १९६८ मध्ये सुचवले. जादा प्रथिने खाल्ल्यावर मूत्रातील कॅल्शियम वाढते हे खरे; पण त्या वाढीचा बराच भाग आतड्यातून जास्त शोषलेल्या कॅल्शियमचा असल्याचे पुढे दिसले. टॅनिस फेंटन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये उपलब्ध अभ्यासांची छाननी केली, तेव्हा आहारातील आम्लामुळे हाडे ठिसूळ होतात याला आधार सापडला नाही. कर्करोगाबाबत २०१६ च्या अशाच छाननीचा निष्कर्षही नकारार्थी आहे. गाठीभोवतीचे आम्ल गाठीच्याच चयापचयातून येते, ताटातून नव्हे.

फळे-भाज्यांचे लाभ तंतू, पोटॅशियम व जीवनसत्त्वे यांमुळे मिळतात. आम्ल-अल्काचा सिद्धांत त्यासाठी लागत नाही. डाळी किंवा संपूर्ण धान्ये कोष्टकात अधिक चिन्ह दाखवतात म्हणून वगळणे चूक आहे. पदार्थाची स्वतःची आम्लता महत्त्वाची ठरते ती दातांबाबत: सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दातांवरचे एनॅमल झिजू लागते, मग पदार्थ अल्ककारी का असेना.

आम्लभाराचा विचार खरोखर उपयोगी पडतो तो मूत्रपिंडाच्या विकारांत. यूरिक आम्लाचे मुतखडे आम्लधर्मी मूत्रात होतात. अशा रुग्णांना पोटॅशियम सिट्रेट देऊन मूत्राचा सामू वाढवतात. दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात रक्तातील बायकार्बोनेट २२ मिलिमोल प्रतिलिटरच्या खाली गेल्यास ते तोंडावाटे देण्याची सूचना २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत होती, आणि फळे-भाज्या वाढवूनही तसाच परिणाम साधल्याचे अभ्यास आहेत. मात्र अशा रुग्णांत पोटॅशियम साचून हृदयाची लय बिघडू शकते. त्यामुळे केळी, पालक, मनुका यांसारखे अल्ककारी पदार्थ किती खावेत हे रक्ततपासणी पाहूनच ठरवावे लागते.