रोप ‘बसतं’ तेव्हा: संत्र्याच्या पन्हेरीतल्या मर रोगाची पार्श्वभूमी
अमरावती जिल्ह्यातल्या वरूड, मोर्शी, शेंदुरजनाघाट या पट्ट्यात संत्र्याची पन्हेरी, म्हणजे रोपवाटिका, हा पिढ्यानपिढ्यांचा धंदा. जंभेरी लिंबाचं बी वाफ्यात टाकायचं, रोप पेन्सिलीएवढं झालं की त्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा. पण कित्येक रोपं तिथवर पोचतच नाहीत. दोन-चार पानांवर असतानाच बसतात. काल संध्याकाळी भरगच्च दिसणाऱ्या वाफ्यात सकाळी ताटलीएवढा घेर आडवा. एखादं उपटून पाहा: पानं हिरवीगार, फक्त मातीलगतचं खोड पाणचट, दोऱ्यासारखं बारीक.

हा मर रोग आणणाऱ्यांना आपण सरसकट बुरशी म्हणतो, पण त्यातले पिथियम आणि फायटोप्थोरा हे खऱ्या बुरशीत मोडत नाहीत. त्यांचे बीजाणू चक्क पाण्यात पोहतात. काळ्या भारी जमिनीतला सपाट वाफा म्हणजे त्यांना आयतं तळं. भारतात पिथियमचा सविस्तर अभ्यास वनस्पतिरोगतज्ज्ञ ई. जे. बटलर यांनी १९०७ मध्येच प्रसिद्ध केला होता.

उपाय मात्र द्राक्षबागेतून आला, तोही चोरांच्या कृपेने. फ्रान्समध्ये बोर्डोजवळचे बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना शिंपडायचे, वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून. त्या वेलींवर केवडा रोग नाही, हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांनी १८८२ मध्ये हेरलं. १८८५ मध्ये हे ‘बोर्डो मिश्रण’ जाहीर झालं. आज त्याचं १ टक्क्याचं प्रमाण पन्हेरीवाल्याला तोंडपाठ असतं: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. लोखंडी विळा मिश्रणात बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला.

ट्रायकोडर्माची गोष्ट तर थेट आपल्याच पिकाची. ही बुरशी रायझोक्टोनियाला, म्हणजे मर आणणाऱ्या दुसऱ्या बुरशीला, वेटोळे घालून खाते, हे शास्त्रज्ञ वाइन्डलिंग यांनी १९३२ मध्ये दाखवलं. कॅलिफोर्नियात त्यांच्यासमोर लिंबूवर्गीय रोपांची मरच होती. पुढे १९७०च्या दशकाअखेर मेटालॅक्झिल आलं आणि पिथियम-फायटोप्थोरावर नेमकं औषध मिळालं. मग वारंवार तेच वापरून ते बोथटही झालं.

या सगळ्यात निचरा मागे पडला, असं मला वाटतं. गादीवाफा वीतभर उंच करायला मजुरी लागते, औषधाची पुडी फोडायला लागत नाही. त्यातून एकाच आठवड्यात आधी ट्रायकोडर्मा आणि वरून बोर्डोची आळवणी करणारे, म्हणजे ते मुळाशी ओतणारेही आहेत. तांबं त्या पाळलेल्या बुरशीलाही सोडत नाही.