होलच्या लांबीतील वैविध्य (गोल्फ मैदानाची आखणी)

गोल्फ मैदान आखताना त्यातील होल (पहिल्या फटक्याच्या जागेपासून चेंडू घालायच्या भोकापर्यंतचा एकेक टप्पा) एकाच मापाचे न ठेवता आखूड, मध्यम आणि लांब होलची जाणीवपूर्वक सरमिसळ केली जाते, तिला होलच्या लांबीतील वैविध्य म्हणतात. होलची लांबी टीपासून (पहिला फटका मारण्याच्या जागेपासून) ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) मध्यापर्यंत यार्डात मोजतात (१ यार्ड म्हणजे सुमारे ०.९१ मी.). होल वळणाचे असेल तर माप सरळ रेषेत न घेता फेअरवेच्या (टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) वळणावरून घेतात.

लांबीवरून होलचा पार ठरतो. निष्णात खेळाडूने जितक्या फटक्यांत होल पूर्ण करणे अपेक्षित असते, तो त्या होलचा पार होय, आणि त्यात ग्रीनवरचे दोन फटके धरलेले असतात. पुरुषांसाठी सर्वसाधारणपणे २६० यार्डांपर्यंत पार तीन, २४० ते ४९० यार्डांपर्यंत पार चार आणि ४५० ते ७१० यार्डांपर्यंत पार पाच मानतात. स्त्रियांसाठी या मर्यादा कमी आहेत. चार पार-तीन, दहा पार-चार आणि चार पार-पाच मिळून १८ होलचा पार ७२ होतो. ही मांडणी सर्वत्र रूढ असली तरी तो नियम नव्हे. १७६४ मध्ये २२ वरून १८ होलवर आलेल्या स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर पार-तीन आणि पार-पाच प्रत्येकी दोनच आहेत, उरलेले चौदा पार-चार आहेत, आणि तरीही पार ७२ च भरतो.

वैविध्याचे खरे कारण खेळाडूच्या पिशवीत आहे. नियमानुसार एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब (चेंडू मारण्याच्या काठ्या) नेता येतात. सगळे पार-चार ३८० ते ४०० यार्डांच्या घरात आखले, तर खेळाडू प्रत्येक वेळी ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबने) पहिला फटका मारून दुसऱ्यासाठी तेच एक आयर्न (धातूच्या चपट्या पात्याचा क्लब) काढत राहतो. बाकीचे क्लब पिशवीतच राहतात आणि ते वापरण्याचे कौशल्य कधी पणाला लागत नाही. म्हणून पार-तीनमध्ये एखादे १२० यार्डांचे, एखादे १५० ते १७० यार्डांचे आणि एखादे २०० यार्डांपलीकडचे असावे लागते. पार कायम ठेवूनही लांबी किती बदलता येते, हे आखणीकाराच्या हातात असते. स्कॉटलंडमधील रॉयल ट्रून मैदानावर २०२४ च्या ओपन स्पर्धेत सहावे होल ६२३ यार्डांचे होते, तर आठवे अवघे १२३ यार्डांचे, आणि त्या आठव्याच्या चिमुकल्या ग्रीनवर चेंडू थांबवणे हीच तेथील परीक्षा असते. पाराच्या सीमेवर पडणारी होल विशेष मोलाची मानावीत. ३०० यार्डांच्या पार-चारवर एकाच फटक्यात ग्रीन गाठण्याचा मोह होतो. ४६० यार्डांच्या पार-चारवर मात्र सामान्य खेळाडूला पाच फटक्यांतच समाधान मानावे लागते.

क्रमालाही महत्त्व आहे. पहिलेच होल पार-तीन ठेवले, तर मागून येणारे गट टीवर खोळंबतात. सर्व आखूड होल एकाच दिशेला तोंड करून असतील, तर वाऱ्याची परीक्षा एकाच प्रकारची होते.

कागदावरची लांबी आणि खेळातली लांबी यांतील फरक सोलापूर परिसरात फार ठळकपणे दिसतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मी. उंचीच्या या भागात मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तापलेल्या विरळ हवेतून चेंडू थोडा लांब जातो, शिवाय कडक झालेल्या जमिनीवर तो पुढे बराच घरंगळतो. सप्टेंबरातल्या पावसानंतर त्याच फेअरवेवर चेंडू पडल्या जागी रुततो, आणि मे महिन्यात आखूड वाटलेले ३९० यार्डांचे होल लांब वाटू लागते. पश्चिमेकडे तोंड असलेले १५० यार्डांचे पार-तीन आषाढात समोरच्या वाऱ्यामुळे नेहमीपेक्षा एक-दोन पायऱ्या लांब मारणारा क्लब मागते, तर हिवाळ्यात पूर्वेकडचा वारा पाठीशी असतो. म्हणून येथे लांबीचे वैविध्य दिशेशी जोडूनच आखले पाहिजे.

मातीचाही यात वाटा आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात पाणी न दिलेल्या रफमध्ये (फेअरवेच्या कडेच्या न कापलेल्या भागात) अख्खा चेंडू आत जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर थेट बांधलेली टी किंवा ग्रीन एक-दोन पावसाळ्यांत वर-खाली होते. ती मुरमाड उंचवट्यावर घेणे बरे, आणि मग दोन उंचवट्यांमधले अंतरच होलची लांबी ठरवते. जमिनीने दिलेले हे अंतर १७५ यार्ड असेल तर ते ओढूनताणून १५० करू नये. नैसर्गिक वैविध्य असेच हाती येते. सोलापूरजवळच्या नान्नजकडचे माळरान मुरमाड असले तरी ते माळढोक पक्ष्यासाठी राखलेले अभयारण्य आहे, पडीक जमीन नव्हे, हे येथे सांगायलाच हवे.

लांबीचा हिशेब अखेर एकरांत आणि पाण्यात येतो. ६० यार्ड रुंदीचा पट्टा धरला, तर ५०० यार्डांच्या होलला सहा एकरांहून थोडी जास्त जागा लागते, १५० यार्डांच्या होलला दोन एकरही लागत नाहीत. पाण्याची चणचण असलेल्या प्रदेशात म्हणूनच आखूड होलचे प्रमाण वाढवणे योग्य ठरते. भारतातील अनेक लहान मैदानांवर हिरवळीऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे ‘ब्राऊन’ असत, त्यांना पाणी लागत नाही. दुसरा मार्ग म्हणजे नऊच ग्रीन बांधून प्रत्येक होलला दोन टी देणे. पहिल्या फेरीत १६५ यार्डांचे पार-तीन असलेले होल दुसऱ्या फेरीत मागच्या टीवरून २५५ यार्डांचे पार-चार होते, आणि नऊ होलच्या जागेत अठरा वेगवेगळ्या लांबी मिळतात. मात्र ही मागची टी शेजारच्या होलवरून येणाऱ्या चेंडूच्या वाटेत येता कामा नये, म्हणून जागेची मोजणी करतानाच दोन्ही टींच्या खुंट्या एकदम ठोकाव्या लागतात.